नदीतलं मायक्रोप्लास्टिक कमी करायला घरच्या घरी काय करता येईल?

पिशव्या-बाटल्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण सुरुवात वॉशिंग मशिनपासून करा. पॉलिस्टरची साडी, लेगिंग, फ्लीसचं जॅकेट धुताना बारीक धागे सुटतात. पॉलिस्टर हे प्लास्टिकच, आणि हे धागे ५ मिलिमीटरहून लहान, म्हणजे मायक्रोप्लास्टिकच. पुण्यात ते सांडपाण्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढे उजनीत जातात. शुद्धीकरण केंद्रात बरेच अडकतात, पण सगळं सांडपाणी तिथवर पोचतच नाही.

मशिन पूर्ण भरून, गार पाण्यात, छोट्या सायकलवर लावा. असे कपडे दर वेळी धुवायलाच हवेत असंही नाही. मशिनच्या जाळीत जमणारा करडा लगदा मी आधी बेसिनमध्ये धुवायचो (कबूल!), आता वाळवून सुक्या कचऱ्यात टाकतो. अगदी बारीक धागे जाळीतून निसटतात, म्हणून नवे कपडे घेताना सुती बघा.