इंटरनेटवर सापडलेली, चारचौघांना आवर्जून दाखवावीशी वाटलेली अजब किंवा गमतीदार गोष्ट कोणती?

एकच सांगायची झाली तर विजयदुर्गाच्या हेलियमची सांगेन. पण तिच्याआधी काही छोट्या गोष्टी सांगते, म्हणजे मला नेमकं काय भावतं ते कळेल. मी देवगड तालुक्यात राहते. ‘जगातल्या दहा थक्क करणाऱ्या गोष्टी’ छापाच्या याद्यांत माझं मन रमत नाही. दुसरी वाचेपर्यंत पहिली विसरलेली असते. जी वाचून उठून दारात यावंसं वाटतं, समुद्राकडे बघावंसं वाटतं, शेजारच्या जाणत्या माणसाला जाऊन विचारावंसं वाटतं, तीच मी जपून ठेवते आणि दुसऱ्याला दाखवते.

निव्वळ गंमत हवी असेल तर केंब्रिजचं कॉफीचं भांडं. १९९१ साली तिथल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीजवळ कॉफीचं यंत्र होतं. लांबच्या खोल्यांतले लोक जिने चढून-उतरून यायचे आणि बघतात तर भांडं रिकामं. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी मग त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र लॅबमधल्या सगळ्यांच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. चित्र कसलं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचा करडा चौकोन. पण कॉफी आहे की संपली एवढं कळायला तो पुरे. १९९३ मध्ये तेच चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक एका अनोळखी लॅबमधलं कॉफीचं भांडं भरताना-रिकामं होताना बघत बसले. जगातला पहिला वेबकॅम तो हा. २००१ च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला आणि ते यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना एका जर्मन साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीने विकत घेतलं. सोबत्यांची फेरी फुकट जाऊ नये एवढ्यासाठी कुणीतरी बसून प्रोग्राम लिहितं, हे मला फार लोभस वाटतं.

दुसरी गोष्ट आमच्या वाडीत सगळ्यात जास्त चालली. जहाजांचा नकाशा. ‘मरीन ट्रॅफिक’ नावाची साइट आहे, तशा आणखीही आहेत. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांच्या आणि त्यावरच्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र बंधनकारक आहे. ते जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा सतत रेडिओवरून सांगत असतं. किनाऱ्यावरचे अँटेना आणि उपग्रह ते ऐकतात आणि नकाशावर एकेक बाण उमटतो. मालवाहू हिरवे, टँकर लाल. रात्री सड्यावर उभं राहिलं की क्षितिजावर जो दिवा दिसतो, त्याचं नाव-गाव हातातल्या फोनवर मिळतं, आणि त्याचा आनंद मला अजून कमी झालेला नाही. बहुतेकांचे झेंडे पनामा, लायबेरिया नाहीतर मार्शल बेटांचे, कारण मालक कुठलाही असला तरी नोंदणी तिथे सोयीची पडते. मंगोलियाला समुद्रच नाही, तरी मंगोलियाचा झेंडा लावलेली जहाजं आहेत.

पण खरी मजा ‘मुक्काम’ या रकान्यात आहे. तो खलाशी स्वतः हाताने भरतात. माल अजून कुणाला विकायचा ते ठरलं नसेल तर तिथे बंदराच्या जागी ‘ऑर्डरची वाट’ अशा अर्थाचे शब्द असतात. एडनकडे जाणारी जहाजं चाच्यांच्या भीतीने ‘जहाजावर सशस्त्र पहारा’ असं लिहितात. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात हल्ले वाढले तेव्हा काहींनी ‘सगळे खलाशी चिनी’ असं लिहून ठेवलं होतं, आपल्याला सोडावं म्हणून. बंदराचं नाव लिहायच्या जागेत माणसांनी जिवाची विनवणी लिहिली. हे वाचल्यापासून मी त्या बाणांकडे नुसते बाण म्हणून बघू शकत नाही.

हा नकाशा मी शेजारच्या तांडेलकाकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून एका बाणावर बोट ठेवलं, “ह्या जहाज काल सांजेपासून हयसरच नांगर टाकून आसा,” आणि त्याच्या हिशोबाने जाळी कुठे सोडायची नाही तेही सांगितलं. नकाशात छोट्या होड्या दिसत नाहीत, हे त्यांनी लगेच हेरलं. रात्री नकाशावर मोकळा दिसणारा समुद्र प्रत्यक्षात होड्यांनी भरलेला असतो. हा नकाशा बघणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावंच.

वाऱ्याचाही असाच नकाशा आहे, ‘अर्थ नलस्कूल’. कॅमेरॉन बेकारियो याने २०१३ साली बनवला. पृथ्वीचा गोल, त्यावर वाहत्या रेषांचे वारे. तो जूनमध्ये उघडा आणि उंची ८५० हेक्टोपास्कल निवडा, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वर. दक्षिण गोलार्धातून आलेला वारा केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाच्या कडेने जोर धरतो आणि सबंध अरबी समुद्र पार करून सरळ आपल्या कौलांवर येऊन आदळतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो हे शाळेत शिकलो होतो. तो आफ्रिकेवरून एवढं मोठं वळण घेऊन येतो हे डोळ्यांनी बघितल्यावर कळलं. एक सांगते, हा वाऱ्याचा फोटो नसतो. हवामानाच्या मॉडेलने मांडलेलं गणित असतं. वादळाच्या दिवसांत तो बघून कुणी होडी लोटू नये, त्यासाठी हवामान खात्याचा इशाराच ऐकावा.

कासवांचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास ऑलिव्ह रिडले कासवांसाठी आता सगळ्यांना माहीत आहे. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने तिथे २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र संदेश पाठवतं, खाली गेलं की गप्प. त्यातली एक, बागेश्री, दक्षिणेकडे निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात पोहोचली. बातमीतला तो ठिपक्यांचा नकाशा बघताना वाटलं, ही हौसेने फिरते आहे की हिला कुठेतरी पोहोचायचंय? याच्या उलट दिशेचा धागा २०२५ च्या जानेवारीत सापडला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावरच्या बिल्ल्यावर ०३२३३ असा क्रमांक होता. शोध घेतल्यावर कळलं, तो बिल्ला २०२१ साली ओडिशात लावलेला होता. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी मानली जायची आणि ही बाई पूर्वेकडून येऊन आपल्या वाळूत अंडी घालून गेली. ही बातमी मी ज्यांना ज्यांना पाठवली, त्यातल्या कुणीही नुसता अंगठा दाखवून सोडून दिली नाही. सगळ्यांनी प्रश्न विचारले.

आता विजयदुर्ग.

दर ऑगस्टमध्ये एक मजकूर फिरतो, तुम्हालाही आला असेल: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्याचं निरीक्षण केलं आणि हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात ते ओटे दाखवले जातात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. आपल्या तालुक्याचं नाव विज्ञानाच्या इतिहासात, म्हणजे अभिमान वाटणारच. मलाही वाटतो. म्हणूनच तो मजकूर नुसता पुढे न ढकलता मी मुळापर्यंत जायचं ठरवलं.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतात खरोखरच गाजलं होतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला, तर जॉन हर्शेल जमखंडीला. लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होता. तेव्हा तो युद्धखात्यात कारकून होता, खगोलशास्त्र हा त्याचा छंद. त्याने मागवलेलं वर्णपटाचं, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं, नवं यंत्र ऑक्टोबरमध्ये हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, त्याने लंडनमधून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला. तीच युक्ती जान्सेनला गुंटूरमध्ये ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली! फ्रेंच सरकारने मग दोघांचे चेहरे असलेलं पदकच काढलं. त्या वर्णपटात सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळ एक वेगळी पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवरच्या माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही, असं लॉकियरने मांडलं आणि त्या मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव मिळालं. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅमझीने लंडनमध्ये एका खनिजातून ते वेगळं केलं.

मग विजयदुर्गाचा काय संबंध? मी शोधत राहिले आणि रॉयल सोसायटीचा एक जुना अहवाल मिळाला: २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण, निरीक्षणाचं ठिकाण विजयदुर्ग, लेखकांत पहिलं नाव सर नॉर्मन लॉकियर. म्हणजे साहेब आला होता! फक्त तीस वर्षांनी. तेव्हा तो साठी ओलांडलेला, ‘सर’ झालेला, ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक होता. आणि त्याने नाव दिलेलं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडून तीन वर्षंही झाली नव्हती. ब्रिटिश आरमाराचं ‘मेलपोमेनी’ हे जहाज त्याच्या मदतीला होतं. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना शिकवून तयार केलं होतं. कुणी यंत्रापाशी, कुणी घड्याळापाशी, कुणी ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडळाचं चित्र काढायला. दोन मिनिटांच्या अंधारासाठी वाघोटण खाडीच्या तोंडाशी केवढी ही तयारी! ते कट्टे याच वेळचे असावेत असं माझं मत आहे. जड कॅमेऱ्यांना पक्का पाया लागतोच.

मला ही खरी गोष्ट फिरत्या मजकुराहून कितीतरी सुंदर वाटते. तरुणपणी लंडनच्या धुरकट आकाशात पकडलेल्या त्या पिवळ्या रेषेचा माणूस म्हातारपणी आपल्या किल्ल्यावर येऊन, काळवंडलेल्या सूर्याकडे पुन्हा बघतो. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला गेले होते, त्यांचाही स्वतंत्र अहवाल आहे. आणि बक्सरला गेलेल्या नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने हे ग्रहण चलचित्रात टिपलं होतं, पण परतीच्या वाटेवर रीळ चोरीला गेलं. १९०० सालचं ग्रहण त्याने अमेरिकेत पुन्हा टिपलं; ते रीळ टिकलं, आणि आज घरबसल्या बघता येतं. चोरीला गेलेलं ते रीळ कुठे असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुम्हाला अहवाल शोधायचा असेल तर विजयदुर्गाचं आजचं इंग्रजी स्पेलिंग चालत नाही. व्ही-आय-झेड-आय-ए-डी-आर-यू-जी असं टाका आणि पुढे लॉकियर, १८९८. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या जुन्या पुस्तकांच्या साइटवर गॅझेटियरमध्ये शोधतानाही हीच युक्ती करावी. गावाचं जुनं स्पेलिंग दिलं की झोपलेली पानं जागी होतात.

पाठवताना मी इतकंच करते: दुव्यासोबत दोन ओळी मराठीत, नेमकं कुठे बघायचं ते आणि मूळ कागद कुठला ते. वडीलधाऱ्यांना हेलियमची गोष्ट सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणत नाही, ‘साहेब खरंच आला होता, तारीख ही घ्या’ असं सांगते. आपल्या किल्ल्यावरच्या १८ ऑगस्टच्या कार्यक्रमात २२ जानेवारी १८९८ ही तारीखही सांगितली जावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर भागातलं असेल, आणि घरात पणजोबांच्या तोंडून आलेली त्या आरमारी जहाजाची, साहेबाच्या छावणीची, भरदिवसा झालेल्या अंधाराची एखादी आठवण असेल, तर खाली जरूर लिहा. साहेबाच्या बाजूचा कागद मला मिळाला आहे, गावाच्या बाजूचं मी अजून शोधते आहे.