अन्शार, अंशार की अनशर?

प्रश्न असा आला आहे : "बॅबिलोनी सृष्टिकथेतल्या एका आद्य आकाशदेवाचे नाव मराठीत अंशार, अनशर, अन्शर, अन्शार असे चार तऱ्हांनी लिहिलेले दिसते. बरोबर कोणते? अर्थ 'आकाशाचा राजा' असा दिलेला असतो, तो खरा का? आणि आपल्या 'अंश' किंवा 'असुर' या शब्दांशी याचे काही नाते आहे का?"

लिहावे 'अन्शार'. अर्थ 'अवघे आकाश', राजाबिजा काही नाही. 'अंश'शी नाते शून्य. 'असुर'चे प्रकरण जरा लांबचे आहे, ते शेवटाकडे.

आधी लेखन. 'अंशार' लिहिण्यात अडचण उच्चाराची आहे. मराठीत श, स, ह यांच्या आधी शीर्षबिंदू आला की आपण तिथे न् म्हणत नाही. अंश, संशय, हंस, सिंह मोठ्याने म्हणून पाहा. अंव्श, संव्शय, हंव्स, सिंव्ह असा वकाराकडे झुकलेला नाकातला स्वर निघतो. म्हणजे 'अंशार' वाचणारा मराठी माणूस 'अंव्शार' म्हणणार. मूळ नावात तर स्पष्ट न् आहे आणि त्याला चिकटून श आहे. इथे कोणी शुद्धलेखनाचा नियम काढेल, की य र ल व श ष स ह यांच्यापूर्वी केवळ शीर्षबिंदू द्यावा. तो नियम अनुस्वाराचा आहे, आणि इथे अनुस्वारच नाही, खराखुरा न् आहे. पेन्शन, टेन्शन हे शब्द आपण अर्धा न घालून लिहितो ते याच कारणाने. हिंदीत 'पेंशन' चालते, म्हणून हिंदीतून उचललेल्या मजकुरात 'अंशार' येते आणि तसेच राहून जाते.

'अनशर' लिहिले की पहिली आठवण 'अनशन'ची होते. शिवाय शेवटचा 'शर' म्हणजे आपल्याकडे बाण. मूळचा स्वर ऱ्हस्व आहे हे खरे, पण तो 'घर'मधल्या अ-सारखा नसून तोंड उघडून म्हटलेला आ आहे. मराठीत ऱ्हस्व आ-ला वेगळे अक्षर नाही, म्हणून काना द्यावा लागतो. हा काना लांबी दाखवत नाही, स्वराची जात दाखवतो.

आणखी एक चकवा. पाश्चात्त्य ग्रंथांत या नावातल्या 'शार' चिन्हाच्या अ-वर तिरपी रेघ असते. ती पाहून स्वर दीर्घ आहे किंवा तिथे आघात आहे असे वाटते. दोन्ही चूक. क्यूनिफॉर्म लिपीत (ओल्या मातीवर पाचरीच्या आकाराच्या खुणा उठवून लिहायची लिपी) एकाच उच्चाराची अनेक चिन्हे असतात, म्हणून अभ्यासकांनी त्यांना क्रमांक दिले. उजवीकडे चढणारी रेघ म्हणजे 'या उच्चाराचे दुसरे चिन्ह', उलट्या दिशेची रेघ म्हणजे तिसरे. चौथ्यापासून खाली सरळ आकडा लिहितात. हा सगळा हिशेब चिन्हांचा, उच्चाराशी त्याचा संबंध नाही.

आता अर्थ. नाव सुमेरियन, म्हणजे मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) एका प्राचीन भाषेतले आहे आणि त्याचे तुकडे दोन, अन् आणि शार्. 'अन्' म्हणजे आकाश. त्याचे चिन्ह मुळात आठ टोकांचा तारा होते. पुढे मातीवर पाचरी उठवता उठवता ते मोजक्या पाचरांवर आले. हेच चिन्ह 'दिंगिर' असेही वाचतात, तेव्हा अर्थ होतो देव. तिसरा उपयोग मुका : देवाच्या नावाआधी हे चिन्ह नुसते खूण म्हणून घालतात, त्याचा उच्चार करत नाहीत. अन्शार लिहिताना पहिले चिन्ह तेच असल्यामुळे डोळ्यांना ते 'देव शार' असेही दिसू शकते. काय वाचायचे ते संदर्भावरून ठरवायचे.

'शार्' म्हणजे समग्र, सगळे, अवघे. शिवाय ती एक संख्याही आहे : ३६००, म्हणजे ६० गुणिले ६०. मेसोपोटेमियाचा हिशेब साठाच्या पटीत चाले, तेव्हा साठाचा वर्ग ही त्यांची 'लई मोठी' संख्या. जुन्या पाट्यांवर ती लिहायला बोरूचे गोल टोक ओल्या मातीत दाबून मोठे वर्तुळ उठवत. वर्तुळ, अवघेपण आणि ३६०० हे तिन्ही एका चिन्हात बसले आहेत. काही अभ्यासक अन्शार आणि त्याची जोडीदार किशार यांचा अर्थ क्षितिजाचे वरचे आणि खालचे कडे असा लावतात, त्यालाही हे वर्तुळ पोषक आहे. 'कि' म्हणजे जमीन, म्हणून किशार म्हणजे अवघी भुई.

हाच शार् ग्रीकमध्ये 'सारोस' झाला. बॅबिलोनचा पुजारी बेरोसोस याने ग्रीकमध्ये लिहिलेल्या इतिहासात प्रलयापूर्वीच्या राजांचा काळ १२० सारोस, म्हणजे ४,३२,००० वर्षे दिला आहे. कलियुगाची वर्षेही तेवढीच. आकडा जुळतो हे मान्य, आणि त्यावर वाद घालणाऱ्यांनी कागद पुष्कळ खर्चिले आहेत; पण साठाच्या पटीतले मोठे आकडे एकमेकांशी जुळणे फार नवलाचे नाही. ग्रहणांच्या संदर्भात 'सारोस चक्र' आपण ऐकतो, २२३ चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवस ८ तासांचे. ते नाव मात्र बॅबिलोनी लोकांनी दिलेले नाही. १६९१ मध्ये एडमंड हॅलीने एका बायझंटाइन कोशातला शब्द उचलून त्या चक्राला चिकटवला.

'आकाशाचा राजा' कुठून आला हे ओळखणे सोपे आहे. अक्कडियन या तिथल्याच दुसऱ्या प्राचीन भाषेत राजाला 'शार्रु' म्हणतात, आणि दुसऱ्या शब्दाआधी आला की त्याचे 'शार्' होते. पण तो अक्कडियन, आणि आपले नाव सुमेरियन. सुमेरियनमध्ये राजा म्हणजे 'लुगाल'. वर शब्दक्रमही आड येतो. अक्कडियनमध्ये 'देशाचा राजा' म्हणजे 'शार् माती', राजा आधी आणि देश मागून. आकाशाचा राजा म्हणायचे असते तर शार् आधी आला असता. उलट सुमेरियनमध्ये विशेषण नामानंतर येते, त्यामुळे 'अन् शार्' म्हणजे 'आकाश अवघे' हे व्याकरणात नेमके बसते.

हे नाव भेटते ते प्रामुख्याने 'एनूमा एलिश' या काव्यात. सात पाट्यांचे हे अक्कडियन काव्य. बॅबिलोनमध्ये नववर्षाच्या अकितु उत्सवात, निसान्नु महिन्याच्या चौथ्या दिवशी, ते बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याच्यापुढे म्हटले जाई. उत्तरेकडच्या असिरिया राज्याच्या राजधानीत, निनेव्हेच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या तुकड्यांवरून ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. 'एनूमा एलिश' हे त्याचे पहिले दोन शब्द, अर्थ 'जेव्हा वर'. जेव्हा वर आकाशाला नाव नव्हते, खाली जमिनीला नाव नव्हते, तेव्हा गोडे पाणी अप्सू आणि खारे पाणी तिआमत एकमेकांत मिसळलेले होते. त्यांच्यातून लाहमू आणि लाहामू झाले, आणि मग पहिल्या पाटीच्या बाराव्या ओळीत :

अन्शार किशार इब्बानू एलिशुनु आत्रू

'अन्शार-किशार घडले, त्यांच्याहून सरस.' 'इब्बानू' हे 'बानू' (बांधणे, घडवणे) या धातूचे कर्मणी रूप. मुळात ते 'इन्बानू'. न् पुढच्या ब-मध्ये विरघळला आणि ब दुप्पट झाला. सप्तचे सत्त होऊन पुढे सात व्हावे, तीच ही तऱ्हा. हा विरघळणारा न् लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

'आकाशदेव' हा शब्द अन्शारला लावताना माझा हात थोडा अडखळतो. या काव्यात प्रत्यक्ष आकाश फार उशिरा होते. चौथ्या पाटीच्या शेवटी मार्दुक तिआमतला वाळवायच्या मासळीसारखी उभी चिरतो आणि एका फाकेचे आकाश करतो. अन्शार तर त्याच्या कितीतरी आधी, मार्दुकचा पणजा म्हणून हजर आहे : अन्शारचा अनू, अनूचा एआ, एआचा मार्दुक. शिवाय नेहमीचा आकाशदेव तो अनू. उरुकमधले त्याचे स्थान मोठे, मोठ्या देवांना एकेक संख्या दिलेली असे, त्यांतली पूर्ण ६० त्याच्या वाट्याची. काव्य सांगते की अन्शारने थोरला मुलगा अनू आपल्यासारखाच केला. म्हणजे दोघांनाही 'आकाशदेव' म्हटले की वाचकाला कोण कुठला कळत नाही. अनूला आकाशदेव म्हणावे आणि अन्शारला 'अवघे आकाश'. 'द्यावापृथिवी'चा मोह होतो, तोही टाळावा; वेदातले द्यौ आणि पृथिवी हे दिसणारे आकाश आणि दिसणारी धरती आहेत. 'अवघे आभाळ' कानाला फार गोड लागते, पण 'आभाळ आलंय' म्हटले की मराठी माणूस वाळवण उचलायला धावतो. ढग आणि आकाश दोन्ही त्या शब्दात असल्याने इथे 'आकाश'च बरे.

भाषांतराचा आणखी एक खड्डा दुसऱ्या पाटीत आहे. तिआमतने अकरा राक्षसी प्राणी उभे केले, किंगूला सेनापती केले, ही बातमी एआ आणतो. ती ऐकून अन्शार मांडीवर थाप मारतो आणि ओठ चावतो. मराठीत मांडीवर थाप म्हणजे शड्डू, म्हणजे आव्हान. इथे भाव उलट आहे, हबकल्याचा. 'अन्शारने शड्डू ठोकला' लिहिले की सगळा प्रसंग फिरतो, कारण पुढे तो स्वतः लढायला जातच नाही. आधी एआला, मग अनूला पाठवतो, दोघेही परत येतात, आणि मग मार्दुकचे नाव निघते. शब्दशः 'मांडीवर हात आपटला' म्हणावे, किंवा सरळ 'कपाळावर हात मारला'.

आता 'असुर'. अश्शूर हे टायग्रिस नदीकाठच्या असिरियन नगराचे आणि त्याच्या देवाचे नाव, दोन्ही एकच. इ.स.पू. ७२१ ते ७०५ मध्ये राज्य केलेल्या असिरियाच्या राजा सारगोन दुसऱ्याच्या काळापासून लेखनिक हे देवनाव अन् आणि शार् या दोन चिन्हांनी लिहू लागले. न् श-मध्ये विरघळला की अन्शारचे 'अश्शार' होते, ते अश्शूरच्या जवळ जाते. हेतू भाषेचा कमी, राजकारणाचा जास्त : आपला देव मार्दुकचा पणजा ठरला की वडीलकी आपोआप आली. सारगोनचा मुलगा सेनाखेरीब याने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलोन उद्ध्वस्त केले. काव्याच्या असिरियन प्रतीत मार्दुकच्या जागी अन्शार म्हणून अश्शूरच बसलेला आहे. पण हा लेखनाचा डाव आहे, व्युत्पत्ती नव्हे. अश्शूर हे नाव त्याच्या पुष्कळ शतके आधीचे आहे.

या डावाचा नमुना म्हणजे अश्शूरबानिपाल या असिरियन राजाचे नाव. 'अश्शूर-बानि-आप्लि', म्हणजे अश्शूर हा वारसाचा निर्माता. यातला 'बानि' तोच, 'इब्बानू'मधला. आणि नावाची सुरुवात अन्-शार् या चिन्हांनी लिहिलेली. मराठीत हेच नाव 'असुरबनिपाल' असे लिहिलेले आढळते आणि गैरसमज तिथून सुरू होतो. आपला 'असुर' हा अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या 'अहुर'चा सख्खा भाऊ. ऋग्वेदात वरुणालाही तो मानाने लावलेला आहे. त्याचा उगम भारत-इराणी घरातच लागतो, त्यासाठी टायग्रिसवर जावे लागत नाही. म्हणून या नावांत जोड श लिहावा. 'स' लिहिला की वाचक आपोआप पुराणात शिरतो.

न् विरघळल्याचा बाहेरचा पुरावाही आहे. सहाव्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ दमास्किओस ही वंशावळ देताना किशार-अन्शारची नावे 'किस्सारे' आणि 'अस्सोरोस' अशी देतो. त्याच्याच यादीत लाहमू-लाहामूंचे 'दाखे' आणि 'दाखोस' झाले आहे, कारण ग्रीक लिपीतला ल आणि द हे दोन्ही त्रिकोणी. नकलकाराची नजर चुकली. आपल्या पोथ्यांत घ आणि ध यांचे होते तेच.

राहिला वापर. विभक्ती लावताना 'अन्शाराने' करू नये, 'अन्शारने' लिहावे. 'अन्शाराने'वरून मूळ नाव अन्शार की अन्शारा हे अनोळखी नावाच्या बाबतीत कळत नाही. किशार स्त्रीलिंगी आहे. 'किशारेने', 'किशारीने' ही रूपे कानाला खुपतात, तिथेही 'किशारने' ठीक. कि ऱ्हस्वच, शिकार-किनारसारखा. आणि क्रियापद एकेरी : विठ्ठल उभा राहतो, तसा अन्शार म्हणतो. 'अन्शार म्हणतात' लिहिले तर तो गावचा सरपंच वाटतो.

अनूचा ऊ दीर्घ लिहावा. मुळात तो नावाचा भागही नाही. सुमेरियन 'अन्'ला अक्कडियनचा प्रथमेचा प्रत्यय '-उम' लागून 'अनुम' झाले, पुढे म गळाला. षष्ठीत त्याचेच 'अनी' होते. पण मराठीत तत्सम नसलेल्या शब्दाचा अंत्य उकार दीर्घ, आणि ऱ्हस्व 'अनु' लिहिले तर वाचक पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो.