सदतीस खातेदार आणि एक काकू

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या शिवारात जायला धड वाट नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी फसते, सोयाबीनच्या हंगामात हडंबा (मळणीयंत्र) वावरापर्यंत जात नाही, पोती डोक्यावर आणावी लागतात. आता १२ फुटांचा पांदण रस्ता मंजूर होण्यासारखा आहे. ३७ खातेदारांची सोय होईल. अडचण एकच. तो माझ्या चुलत काकूंच्या दोन एकरांतून चारेकशे फूट तिरपा जातो. काका वारले, मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. जुनी पांदण नाल्याच्या कडेने होती, पण ती दोन मोठ्या शेतकऱ्यांच्या वहितीत गेली आणि ते सरळ कोर्टात जातील. ग्रामसभेत काकूंना हरकत विचारली, तर म्हणाल्या, "तुमी म्हणसान तसं." माझा मुलगा अमरावतीला बी.ए. करतो. तो म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हीच नीती, इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम सांगून गेला, विचार कसला करता? पण ठरावावर सूचक म्हणून नाव माझं लागणार आहे आणि हात धजत नाही.
(एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, बेंथमचं नाव घ्यायचं तर हिशेबही त्याच्याच रीतीने पुरा मांडायला हवा. १७८९ साली निघालेल्या ग्रंथात त्याने सुखदुःख मोजायची सात मापं दिली आहेत. ते किती तीव्र, किती दिवस टिकणारं, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून पुढे आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि शेवटी, ते किती जणांपर्यंत पोचतं. तुमच्या मुलाने शेवटचं माप तेवढं उचललं. ३७ विरुद्ध १, संपला विषय.

बाकीची मापं काकूंच्या वावरात लावून बघा. जमीन जाते साडेचार गुंठ्यांच्या आतबाहेर. ८० गुंठ्यांत साडेचार, कागदावर काहीच नाही. पण तिरपा रस्ता वावराचे दोन त्रिकोण करतो. डवरणीला बैल वळवायला दोन्हीकडे जागा सोडावी लागते, कोपरे पडीक पडतात, आणि असं तुकड्यांचं वावर बटईने करायलाही कोणी पटकन तयार होत नाही. नाल्याकाठच्या मोठ्या शेतकऱ्याचे तेवढेच गुंठे गेले तर त्याच्या वर्षाच्या उत्पन्नात ते दिसायचेही नाहीत. ज्याच्याकडे थोडं आहे त्याचं थोडं गेलं तरी दुःख मोठं, हे बेंथमच्या मताचे लोक, म्हणजे उपयुक्ततावादीच, आजवर सांगत आले. ३७ जणांची सोय तर दोन्ही वाटांनी सारखीच होते. म्हणजे बेंथमला तुमच्या ग्रामसभेत बसवला असता तर त्याने बोट नाल्याकडे दाखवलं असतं.

मग ठराव काकूंच्या वावरातून का निघाला, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. ते दोघं कोर्टात जातील, काकू जाणार नाहीत. इथे जमिनीचं दुःख कोणी मोजलं नाही, भांडणाचा ताप मोजला. असा हिशेब कुठल्याही गावात केला तरी रस्ता भांडत नसलेल्या माणसाच्याच वावरातून जाईल.

आता धरून चालू की जुनी पांदण नव्हतीच आणि दुसरी वाटही नाही. तेव्हा मात्र बेरीज खरोखर काकूंच्या विरुद्ध जाते, आणि या मताचे टीकाकार तिथूनच बोलायला लागतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली मांडलेला आक्षेप मला सगळ्यांत भक्कम वाटतो. एखादा शेतकरी आज पोटाला चिमटा काढून पुढच्या पेरणीचं बी राखतो. ते शहाणपण आहे, कारण आजचा त्रास त्याचा आणि उद्याचं पीकही त्याचंच. उपयुक्ततावाद अख्ख्या गावाला असा एकच शेतकरी समजतो. पण काकू वेगळ्या, तुम्ही वेगळे. त्यांची कमी झालेली पऱ्हाटी तुमच्या घरी आलेल्या सोयाबीनने भरून निघत नाही. माणसं एकमेकांपासून वेगळी आहेत, ही साधी गोष्ट हे मत मनावर घेत नाही, असं रॉल्सचं म्हणणं.

आपल्याकडे हे त्याच्याही आधी बोललं गेलंय. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात विचारलं : पांडवांकडे ७ अक्षौहिणी, कौरवांकडे ११, मग डोकी मोजून न्याय ठरवायचा तर पांडवांची बाजू अन्यायाची म्हणायची का? गांधीजींनी पुढे सेवाग्रामला, आमच्या वर्धा जिल्ह्यात, बस्तान मांडलं, पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ मध्येच, 'यंग इंडिया'त त्यांनी अहिंसा मानणाऱ्याला जास्तीत जास्त लोकांच्या सुखाचं हे सूत्र चालणार नाही असं लिहिलं. त्याने सगळ्यांच्याच भल्यासाठी धडपडावं. तिथेच एक खोचक वाक्यही आहे : उपयुक्ततावादी आपल्या तर्काला धरून राहिला तर स्वतःचा बळी कधीच देणार नाही. हे वाचून मला तुमचे ३७ खातेदार आठवले. त्यांतल्या कोणी "माझ्या धुऱ्याने न्या" असं म्हटल्याचं पत्रात नाही. म्हटलं असेल तर कळवा, मी आनंदाने छापीन.

काकूंचं "तुमी म्हणसान तसं" हे मला सगळ्यात जास्त टोचलं. अमर्त्य सेन यांनी उपयुक्ततावादावर घेतलेला आक्षेप नेमका इथे लागू पडतो. वर्षानुवर्षं मागितलेलं न मिळालेलं माणूस मागायचंच सोडतं, थोडक्यात समाधान मानायला शिकतं. मग त्याचं समाधान मोजायला गेलात तर माप भरलेलं दिसतं आणि त्याची अडचण हिशेबातून गळते. भर सभेत, सरपंच, सचिव आणि निम्मी भावकी समोर असताना एका विधवा बाईला "हरकत आहे का?" विचारायचं आणि तिच्या गप्प बसण्याला संमती म्हणायचं, हे फार सोपं आहे.

तुमचा हात धजत नाही, तो भित्रेपणा नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ साली एक प्रसंग रचला. परक्या देशात गेलेल्या माणसापुढे २० कैदी उभे आहेत. तू एकाला स्वतः गोळी घाल, बाकीच्यांना सोडतो, असं तिथला अधिकारी त्याला म्हणतो. घालू नये, असं विल्यम्स म्हणत नाही. त्याचं म्हणणं इतकंच की, उपयुक्ततावादाला हा प्रश्न क्षणात सुटल्यासारखा वाटतो हेच खटकण्यासारखं आहे; गोळी आपल्या हातून सुटणार, याला त्या हिशेबात रकानाच नाही. पांदण रस्ता म्हणजे गोळीबार नव्हे, मला कळतं. पण सूचकाचं नाव तुमचं आहे.

उपयुक्ततावादी यावर गप्प बसतात असं नाही. बेंथमनंतरचा उपयुक्ततावादी जॉन स्टुअर्ट मिल म्हणेल, गरिबाची जमीन सहज जाऊ लागली तर उद्या कोणालाच भरवसा उरणार नाही. सुरक्षितता हे सगळ्यांत मोठं हित, म्हणून न्यायाचे नियम पाळण्यातच समाजाचं सुख आहे. उत्तर चांगलं आहे. पण त्यात काकूंचा हक्क समाजाच्या फायद्यावर टांगलेला राहतो, आणि मला ते पटत नाही.

आता करा असं. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा आणि जुनी पांदण त्यावर आहे का बघा. असेल तर अतिक्रमणाचा अर्ज तहसीलदारांकडे द्या. कोर्टाची भीती ३७ जणांनी वाटून घेतली तर बरीच हलकी होते. नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट मागायची सोय आहे, म्हणजे वावर मधोमध कापलं जात नाही. आणि काकूंकडे घरी जा, मुलाला फोनवर घ्या. हरकत आहे का, असं विचारू नका. रस्ता कुठून जावा, असं विचारा. तरीही त्यांचीच जमीन लागली, तर ३७ जणांच्या वर्गणीतून जमिनीची किंमत ठरावातच लिहा. फुकटात घ्यायची ती जमीन नाही.

प्रश्न : बेंथम आणि मिल यांच्यात फरक काय? पाच मार्कांना येतं.
(बी.ए. द्वितीय वर्ष, गोंदिया)

उत्तर : बेंथमला सुख किती हे बघायचं. सुख सारखंच मिळत असेल तर पुशपिन नावाचा पोरखेळ आणि कविता त्याच्या लेखी एकाच तोलाच्या. मिलने १८६१ मध्ये सुखाला प्रतही असते असं म्हटलं : तृप्त डुकरापेक्षा अतृप्त माणूस बरा, तृप्त मूर्खापेक्षा अतृप्त सॉक्रेटिस बरा. ठरवणार कोण? ज्याने दोन्ही सुखं चाखली तो. चारच ओळी लिहायच्या तर एवढं पुरे. पाचवी हवी असेल तर टीकाकारांचं विचारणं लिहा : प्रत मानली की सुखाखेरीज दुसरं काहीतरी मोठं मानलं असं होत नाही का? जाता जाता : हा मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता आणि हिंदुस्थानात एकदाही आला नाही. परीक्षेत विचारत नाहीत, पण लक्षात ठेवा.

प्रश्न : बेंथम जनावरांचंही सुखदुःख धरा म्हणायचा, असं वाचलं. मग रोही (नीलगायी) रात्रीतून माझी तूर खातात, त्यांना धरायचं की मला? शेजाऱ्याने तारेत करंट सोडलाय.
(शेतकरी, ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : दोघांनाही. जनावराला विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्नच नाही, त्याला यातना होतात का एवढंच विचारा, असं बेंथमने १७८९ च्याच ग्रंथात एका तळटीपेत लिहिलं. पण लोक ते अर्धंच सांगतात. त्याच टीपेत तो म्हणतो की आपल्याला उपद्रव देणाऱ्या जनावराला मारायला सबळ कारण आहे. छळायला मात्र एकही नाही. म्हणजे तुमची तूर त्याने तुमच्या बाजूला नीट धरली आहे. मात्र कोणाला, कसं आणि कधी मारायचं हे आज वन्यजीव कायदा ठरवतो, बेंथम नाही.

करंटचं मात्र कुठल्याच मापात बसत नाही. त्या तारेला रोही कोणता, वाघ कोणता आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी कोणता हे कळत नाही. विदर्भात तिन्ही मेले आहेत. शेजाऱ्याला आजच तार काढायला सांगा. ऐकला नाही तर वीज वितरणच्या माणसाला कळवा, वाईटपणा आला तरी चालेल. पीक नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. तूर खाल्लेली दिसली त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाकडे अर्ज द्या, पंचनामा होईपर्यंत मोडलेली झाडं उपटू नका.