वाचक विचारतात : कूलर, सर्किट आणि पेटंट

प्रश्न : इंदूरला सांवेर रोडवर आमचा पत्र्याच्या कूलरचा लहानसा कारखाना आहे. बाहेरची हवा पॅडमध्ये शिरण्यापूर्वी ती तांब्याच्या कॉइलवरून जावी आणि कॉइलमधून थंड पाणी फिरत राहावे, अशी रचना मी केली आहे. सोबत दोन आकृत्या पाठवीत आहे. पहिलीत पुढच्या पॅडखालच्या ट्रेमधले पाणी कॉइलमधून फिरून पुन्हा त्याच पॅडवर पडते. दुसरीत खोलीतून बाहेर जाणारी हवा मागच्या एका लहान पॅडमधून जाते आणि त्या पॅडखालचे पाणी कॉइलला मिळते. दोन्ही रचनांत खोली अधिक गार होते आणि चिकचिक कमी होते, असा माझा अनुभव आहे. याचे पेटंट मिळेल का? मार्चमधल्या मेळ्यात हा कूलर मांडावा असे व्यापारी म्हणतात, तर मांडावा का?
— एक लघुउद्योजक

उत्तर : मेळ्याचे आधी सांगतो, कारण तेथे घाई झाली तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. अर्ज दाखल होण्यापूर्वी कूलर मेळ्यात मांडू नये, त्याची चित्रफीत कोणाला पाठवू नये आणि विकू तर नयेच. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि आपणच तो चारचौघांत उघड केला तर आपल्याच अर्जाविरुद्ध तो पुरावा ठरू शकतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे. परंतु प्रत्येक व्यापारी मेळा त्यात बसत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

आता आकृत्यांकडे वळू. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर 40 अंश तापमान आणि हवेत 20 टक्के आर्द्रता आहे असे धरले, तर ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर साधारण 22 ते 23 अंश दाखवील. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणाऱ्या साध्या कूलरची धाव येथेच संपते. चांगला पॅड 40 पासून या 22-23 पर्यंतच्या अंतरापैकी सुमारे 80 टक्के अंतर कापतो, म्हणजे बाहेर येणारी हवा 26 अंशांच्या आसपास असते. (जुलैत तापमान 28 आणि आर्द्रता 85 टक्के झाली, की ओला थर्मामीटरच 26 दाखवू लागतो आणि कूलर नुसता पंखा उरतो, हे माळव्यात कोणाला सांगायला नको.) आपल्या पहिल्या आकृतीत कॉइलने हवेतून जी उष्णता काढून घेतली ती पाण्यात गेली, ते पाणी पुन्हा त्याच पॅडवर पडले आणि तीच उष्णता त्याच हवेला परत मिळाली. घरातले देणे घरातच फिटावे तसा हा व्यवहार आहे. बाहेर काहीच गेले नाही. त्यामुळे ही रचना हवेला 22-23 अंशांच्या खाली नेऊ शकत नाही, आणि तेवढ्याच तापमानाला हवेतली वाफही साध्या कूलरइतकीच राहते. फायदा झालाच तर हवा त्या मर्यादेच्या थोडी अधिक जवळ जाईल. परंतु तेवढे काम जाड हनीकोम्ब पॅडही करतो. आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण तो बहुधा नव्या पॅडचा असावा.

दुसऱ्या आकृतीत मात्र उष्णतेला बाहेर जाण्याची वाट आहे. कॉइलमधून तापून आलेले पाणी मागच्या पॅडवर पडते आणि खोलीबाहेर जाणारी हवा ती उष्णता घेऊन जाते. कॉइलने हवा कोरडीच ठेवून 40 वरून 33 अंशांवर आणली, तर त्या हवेचा ओला थर्मामीटर 20 ते 21 अंशांवर उतरतो आणि पुढच्या पॅडमधून ती हवा सुमारे 23 अंशांना बाहेर पडते. साध्या कूलरपेक्षा तीन अंश कमी आणि वाफही कमी, असा दुहेरी लाभ येथे खरोखर होतो. तेव्हा पहिली आकृती बाजूला ठेवावी. ती अर्जात घालून ‘आर्द्रता कमी होते’ असे लिहिले, तर पेटंट कार्यालयाचा परीक्षक उष्णतेचा हाच हिशेब विचारील आणि चांगल्या आकृतीवरही संशयाची छाया पडेल.

एवढ्यावरून पेटंट मिळेल असे समजू नये. हवा आधी कोरडी गार करून मग ओल्या पॅडमधून नेणारे दोन टप्प्यांचे कूलर जगात अनेक दशकांपासून आहेत आणि त्यांच्यावरची पेटंटेही पुष्कळ आहेत. 1970च्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(एफ) प्रमाणे, आपापले काम स्वतंत्रपणे करणारी परिचित उपकरणे नुसती शेजारी शेजारी मांडली तर तो शोध ठरत नाही. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 1978 सालचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल प्रत्येक कारखानदाराने समजून घ्यावा असा आहे. मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातला हा वाद होता. भांडे लेथवर पक्के पकडून कातण्याच्या युक्तीचे पेटंट एका कारखान्याने घेतले होते. न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण जुन्याच यंत्राला घातलेली ती किरकोळ भर म्हणजे कोणत्याही हुशार कारागिराला सुचण्याजोगी कार्यशाळेतली सुधारणा होती, त्यापलीकडची कल्पकता तीत नव्हती.

मग आपल्याकडे नवे काय आहे? माझ्या मते ते दुसऱ्या आकृतीच्या कोपऱ्यात आहे, जेथे आपण एकाच मोटरच्या शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे दाखवले आहेत, एक आत येणाऱ्या हवेचा आणि दुसरा बाहेर जाणाऱ्या हवेचा. त्यामुळे दोन्ही हवांचे प्रमाण बांधलेले राहते आणि बाहेरची हवा अडली की कॉइल गार होत नाही, हा या जातीच्या कूलरचा नेहमीचा दोष टळतो. दोन टोकांची मोटर स्वतःमध्ये नवी नाही. परंतु हे प्रमाण किती ठेवल्याने कॉइलवर काय परिणाम होतो, हे आपण मोजून दाखवले आणि तसे आधी कोणी केलेले नसले, तर सांगण्यासारखे काही हाती येते. त्यासाठी आत येणाऱ्या, खोलीत सोडलेल्या आणि बाहेर टाकलेल्या अशा तिन्ही ठिकाणच्या हवेचे कोरडे व ओले तापमान, हवेचा वेग आणि मोटरची वीज यांची नोंद ठेवावी. एक-दोन दुपारच्या नोंदी पुरणार नाहीत. ढगाळ दिवसही त्यात हवेत.

अर्जाचा प्राण त्यातील क्लेममध्ये, म्हणजे आपण नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या मजकुरात असतो. ‘सुधारित कूलर’ असा ऐसपैस क्लेम पहिल्याच तपासणीत पडतो, आणि फार आखूड क्लेम लिहिला तर शेजारचा कारखानदार एक मोजमाप बदलून मोकळा होतो. बजाज ऑटोच्या दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचे उदाहरण आपल्याला माहीत असेल. एका सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना जुनीच होती, म्हणून त्या पेटंटात सिलिंडरचा व्यास 45 ते 70 मिलिमीटर अशी मर्यादा घालून लहान इंजिनापुरता हक्क मागितला होता. तरीही टीव्हीएसबरोबरचा वाद 2007 साली न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. क्लेम लिहिण्यासाठी नोंदणीकृत पेटंट एजंटाला पैसे द्यावेत असे मी म्हणतो ते यासाठी. बाकीचे पुष्कळ काम आपण स्वतः करू शकता.

खर्चाविषयी थोडक्यात सांगायचे तर, मध्य प्रदेशातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि ते ऑनलाइन भरता येतात. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला अर्जाचे 1600 रुपये व तपासणीच्या मागणीचे 4000 रुपये शुल्क आहे. 30 पानांपेक्षा किंवा 10 क्लेमपेक्षा मजकूर वाढला तर ते वाढते. आत्ता तात्पुरते विवरण, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, दाखल करून अर्जाची तारीख मिळवावी आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण विवरण द्यावे. मधला एक उन्हाळा मोजमापांना मिळतो. मात्र तात्पुरत्या विवरणात जे लिहिलेले नाही त्याला ती तारीख मिळत नाही, म्हणून ते दोन ओळींत उरकू नये. तपासणीची मागणी 31 महिन्यांच्या आत करावी लागते. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते.

प्रश्न : आर्द्रता पाहून कूलरचा पंप आणि पंखा आपोआप चालू-बंद करणारे मायक्रोकंट्रोलरचे सर्किट मी बनवले आहे. आमच्या महाविद्यालयात सांगतात की सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : अर्धे खरे आहे. पेटंट कायद्याच्या कलम 3(के) प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रामला आणि अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. मात्र हा प्रतिबंध प्रोग्रामपुरताच आहे आणि ज्यातून तांत्रिक परिणाम साधतो असा प्रत्येक शोध त्यामुळे बाद होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात 2019 साली सांगितले आहे. आपली अडचण मला निराळीच दिसते. आर्द्रता वाढली की पंप बंद करणे ही गोष्ट या क्षेत्रातल्या कोणालाही सुचेल. पंप बंद होण्याची वेळ आपले सर्किट पॅडमध्ये उरलेल्या पाण्यावरून ठरवीत असेल, आणि त्यामुळे पॅड वाळून त्यावर क्षार बसणे कमी होत असेल, तर मात्र तो भाग सविस्तर लिहून पाठवावा. चिपच्या आतील मांडणीसाठी 2000 सालचा वेगळा कायदा असून त्यात 10 वर्षांचे संरक्षण मिळते. बाजारातली तयार चिप वापरून केलेल्या आपल्या सर्किटशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : मुदत संपलेल्या परदेशी पेटंटमधली रचना आपण उचलली तर तो गुन्हा होतो का?
— एक निवृत्त प्राध्यापक, इंदूर

उत्तर : होत नाही. पेटंट ज्या देशात घेतले त्या देशापुरतेच असते आणि आपल्याकडे ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांनी संपते. मुदत संपलेली पेटंटे हा उघडा खजिना आहे आणि आपले कारखानदार तो फारच कमी चाळतात, अशी माझी जुनी तक्रार आहे. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी 1942 साली अर्ज करून 1944 साली एक अमेरिकन पेटंट मिळवले. बंद नळीत एका टोकाला द्रव उकळतो, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन निवते आणि आतल्या जाळीतून केशाकर्षणाने द्रव परत येतो. पंप लागत नाही. शीतयंत्रासाठी योजलेली ही कल्पना तेव्हा कोणी वापरली नाही. 1963 साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, तिला हीट पाइप हे नाव मिळाले आणि आज लॅपटॉपमधला प्रोसेसर त्याच तत्त्वावर गार राहतो.

सावधगिरी एवढीच, की मूळ नळी मोकळी असली तरी तिच्या जाळीची एखादी अलीकडची सुधारणा भारतात पेटंटखाली असू शकते. असे पेटंट आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. वार्षिक शुल्क न भरल्याने पेटंट बंद पडलेले दिसले, तरी मालकाला ते 18 महिन्यांच्या आत पुनरुज्जीवित करण्याचा अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवून मगच साच्यावर पैसे घालावेत.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करताना मी मशीनवरचे एक जिग (काम पक्के धरून हत्याराला वाट दाखवणारे साधन) सुधारले. पेटंट माझे की मालकाचे?
— एक फोरमन

उत्तर : नोकरदाराच्या शोधाची मालकी कोणाची, हे आपला पेटंट कायदा स्वतंत्र कलमाने ठरवीत नाही, नेमणुकीच्या करारात काय लिहिले आहे ते आधी पाहावे. मालकाला आपल्या शोधावर अर्ज करायचा असेल, तर आपण हक्क त्याच्या नावे केल्याचा लेखी आधार त्याला दाखवावा लागतो. हक्क मालकाकडे गेला तरी शोधकर्ता म्हणून पेटंटवर आपले नाव येण्याची मागणी कलम 28 खाली करता येते, आणि ती पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी. जिगची आकृती, तारीख आणि ते पाहणाऱ्या सहकाऱ्याची सही असलेली वही आजपासूनच ठेवावी.