पिन बडोद्यातच पडली, पण १६ किलोमीटर लांब

बडोद्यात घरपोच डबे पोचवणाऱ्या तुमच्या ॲपमध्ये नकाशावरच्या पिना भलतीकडे पडतात, हे वाचलं आणि आमचे ते दिवस आठवले. अक्षांश −९० ते ९० आणि रेखांश −१८० ते १८० तपासूनही दांडिया बाजारच्या ग्राहकाची पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झालीय. बडोद्याचा रेखांश ७३.१८. तो ९०च्या आत असल्याने अक्षांशाच्या जागी बसला तरी तुमची तपासणी अडवत नाही. गुवाहाटीचा ९१.७ अडला असता. गूगल मॅप्स अक्षांश आधी घेतं, जिओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटाच्या फाइलचा एक प्रकार) रेखांश आधी असतो, तिथेच बघा. भारतात अक्षांश ३८च्या वर जात नाही आणि रेखांश ६८च्या खाली येत नाही, म्हणून ही चूक हमखास पकडता येते.

आम्हाला खरं रडवलं ते दुसऱ्याच चुकीने. घरभेटींच्या ॲपसाठी एका कार्यालयाने जागांची यादी दिली. आकडे २२.१८२६, ७३.१०५२ अशा धर्तीचे. रेंजमध्ये बसणारे, जिल्ह्याच्या चौकटीतही बसणारे. पहिल्याच दिवशी आमची मुलं रावपुऱ्यातले पत्ते शोधत शहराबाहेर शेतात जाऊन उभी राहिली. ते दशांश अंश नव्हतेच! २२ अंश १८ मिनिटं २६ सेकंद कुणीतरी टिंब देऊन लिहिले होते. खरा अक्षांश २२.३०७२, रेखांश ७३.१८११. फरक जवळजवळ १६ किलोमीटर.

कार्यालयात तीन खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर: यादी वरून अशीच आलीय, तुमचं ॲप तपासा. यादी भरली कुणी, एवढंसुद्धा कुणी सांगितलं नाही. त्या उन्हात स्कूटरवर फिरलेल्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं. सहा आठवडे आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो.

उलगडा झाला तो सगळा रकाना चढत्या क्रमाने लावल्यावर. टिंबानंतरचे पहिले दोन अंक एकाही ओळीत ५९च्या पुढे नव्हते, पुढचे दोनही नाहीत. मिनिटं आणि सेकंदच ५९वर थांबतात; खऱ्या दशांशांच्या शेकडो ओळींत असं आपोआप होत नाही. मी सर्व्हेतला माणूस नाही, पण माझं ठाम मत आहे: बाहेरून आलेली यादी या कसोटीशिवाय डेटाबेसमध्ये घेऊच नये. एका शहरातली यादी असेल तर मात्र मिनिटं तशीही थोड्याच आकड्यांत फिरतात, तेव्हा सेकंदांकडे जास्त लक्ष द्या. आणि रकाना मजकूर म्हणून उघडा. एक्सेल शेवटचं शून्य खातं, मग २० सेकंदांचे २ होतात आणि जागा अर्धा किलोमीटर सरकते.

जाता जाता, ०,० आलं तर ते थेट नाकारा. तो बिंदू आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात आहे. तिथे डबा मागवणारं कुणी नाही, फक्त रिकामा राहिलेला रकाना असतो.

अदलाबदल दुरुस्त करूनही पिना चुकल्या तर ग्राहकांची नावं काढून वीसेक ओळी इथे पाठवा, मी रात्री बघतो.