वज्रपंजर : कवचाला पिंजऱ्याचं नाव का?

प्रश्न असा आहे : 'आम्ही वाळवा तालुक्यातले. घरी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतो. तिच्यात "वज्रपंजरनामेदं यो रामकवचं स्मरेत्" असं येतं. पंजर म्हणजे पिंजरा ना? मग रक्षण करणाऱ्या स्तोत्राला कोंडणाऱ्या वस्तूचं नाव कसं?'

आधी फोड पाहू. वज्रपंजर-नाम इदम्, म्हणजे 'वज्रपंजर' नावाचं हे रामकवच. पंजर म्हणजे पिंजरा हे बरोबरच, पण संस्कृतात हाडांच्या सांगाड्यालाही पंजर म्हणतात. आपला 'अस्थिपंजर' त्यातलाच. छातीच्या पिंजऱ्यातलं काळीज कोंडलेलं आहे असं कुणी म्हणत नाही. इथला पंजरही बाहेरच्याला अडवतो. पाताळात, भूमीवर, आकाशात फिरणारे आणि सोंग घेऊन वावरणारे, यांना रामनामांनी राखलेला माणूस नुसता दिसतसुद्धा नाही, असं स्तोत्रातच आहे.

या पिंजऱ्याचे गज म्हणजे रामाची नावं, आणि बुधकौशिक ऋषींनी ती कशी बसवली आहेत ते पाहण्यासारखं आहे. डोक्याला राघव, कपाळाला दशरथात्मज, डोळ्यांना कौसल्येय : ही जन्माची नावं. नाकाला मखत्राता, म्हणजे विश्वामित्राच्या यज्ञाचा राखणदार. होमाचा धूर आधी नाकालाच कळणार! शिवधनुष्य मोडणारा भुजांना, सीतापती हातांना, परशुरामाला जिंकणारा हृदयाला. मग खरध्वंसी, सुग्रीवेश, हनुमत्प्रभू करत गुडघ्यांना सेतुकृत्, पुढे दशमुखान्तक आणि पावलांना बिभीषणाला राज्यलक्ष्मी देणारा. एखादं नाव मागेपुढे आहे, पण डोक्यापासून पायापर्यंत उतरताना सगळं रामायण अंगावरून जातं. मला ही रचना फार मोठी वाटते. प्रत्येक ठिकाणी क्रियापद मात्र एकच, 'पातु' : रक्षण करो.

राखण्याची हीच कल्पना तुमच्या तालुक्यात बहे इथं कथेच्या रूपात आहे. कृष्णेच्या पात्रातल्या रामलिंग बेटावर राम लिंगपूजेला बसले असता नदीला पूर आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून प्रवाह दुभंगला आणि बेट वाचलं, असं सांगतात. गावाचं नाव बाहूवरून पडलं हेही लोक याच कथेच्या आधारानं सांगतात. मी ते व्युत्पत्ती म्हणून नाही, आठवण म्हणून घेतो. समर्थांच्या अकरा मारुतींतला एक इथं आहे, पाणी थोपवण्याच्या आविर्भावात उभा. महाभारताच्या मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर द्वारका समुद्रानं गिळली. बहेच्या कथेत राखणारा जागेवर उभा आहे, म्हणून बेट आहे.

जाता जाता एक. 'जङ्घे दशमुखान्तकः' म्हणताना बरेच जण मांडीला हात लावतात, कारण मराठीत जांघ वरची. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा, पोटरीचा भाग. मांड्यांसाठी 'ऊरू' आधीच येऊन गेलेलं असतं. अंगाला हात लावत म्हणत असाल, तर गुडघ्यानंतर हात खाली न्यावा.