खेड्यातून रोजच्या जाण्यायेण्याला आणि लांबच्या प्रवासाला दीडशे सीसीची स्कूटर चालेल का, की बाईकच घ्यावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, नोकरी तालुक्याला, रोज पन्नासेक किलोमीटर होतात आणि वर्षातून दोन-चारदा नागपूर नाहीतर चिखलदरा. मी दारव्हा तालुक्यात राहतो आणि याच वर्गातली स्कूटर रोज यवतमाळला नेतो. माझं मत विचाराल तर स्कूटर घ्या. पण घर डांबरी रस्त्यापासून किती आत आहे, ते आधी बघा. शोरूममध्ये सीसी आणि मायलेज सांगतात. आपल्याकडे गाडीचा खरा कस लागतो तो त्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरवर.

घरापर्यंत डांबर किंवा सिमेंट रस्ता असेल तर काहीच अडचण नाही. पांदण रस्त्यानं जायचं असेल तर मात्र जून ते सप्टेंबर स्कूटरचं काम नाही. आपली काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढतात, मडगार्ड आतून गच्च भरतं आणि चाक फिरायचंच थांबतं. मग खाली बसून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काडीनं तो चिखल खोदून काढा, दहा पावलं ढकला, की पुन्हा तेच. बाईकला निदान पहिला गिअर टाकून हळूहळू निघता येतं. स्कूटरला गिअर नाहीत. चाक अडकलेलं असताना रेस देत राहिलात तर क्लच जळतो आणि बेल्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या पट्ट्याचं, आयुष्य कमी होतं. आमच्याकडे पावसाळ्यात बरेच जण गाडी फाट्यावर ओळखीच्या घरी ठेवून वावरात पायी जातात. मीही तेच करतो.

गाडी निवडताना सीसीपेक्षा चाकं बघा. अॅक्सेस 125 किंवा अॅक्टिव्हा 125 ला पुढचं चाक 12 इंची आणि मागचं 10 इंची असतं. यामाहा एरॉक्स 155 किंवा एप्रिलिया एसआर 160 ला दोन्ही 14 इंची. खड्ड्यात आदळण्यातला फरक कमरेला पहिल्याच दिवशी कळतो. पण एरॉक्सला पाय ठेवायची जागा सपाट नाही, मधून उंचवटा आहे. घरचं सिलिंडर, ढेपीचं पोतं, फवारणीचा पंप हे सगळं स्कूटरवरूनच आणायचं असेल तर सपाट पायदानाची 125 सीसीच बरी, थोडे गचके सोसून. ही निवड घरच्यांना विचारून करा, कारण सामान त्यांनाही आणायचं असतं.

टायर घेताना एक चौकशी आधीच करून ठेवा. 14 इंची मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. मला यवतमाळहून मागवावा लागला.

दीडशेच्या वर्गातल्या काही गाड्यांना किक नसते. आणि कोणतीही गिअरलेस स्कूटर ढकलून चालू होत नाही, कारण इंजिन चालू नसेल तर क्लच चाकाला जोडलाच जात नाही. म्हणून मे महिना संपला की बॅटरी तपासून घ्या. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन बॅटरी लवकर थकवतं, आणि गावात रात्री ती बसली तर सकाळची ड्युटी गेलीच समजा. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर त्याच वेळी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेही बघा.

बेल्टचं पुस्तकात लिहिलंय तसंच करा. बहुतेक गाड्यांना वीस ते चोवीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच उघडून बघितलेला चांगला. वेग घेताना गाडी थरथरायला लागली, रेस वाढते पण वेग वाढत नाही असं वाटलं, तर दाखवायला उशीर करू नका. गावातला मिस्त्री बाईकचं इंजिन डोळे मिटून खोलेल, पण बेल्ट आणि त्याच्यासोबतच्या रोलरचं काम ज्याच्याकडे त्याची अवजारं आहेत त्याच्याकडूनच करून घ्या.

लांबच्या प्रवासात ही स्कूटर खरी खुलते. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर, वर्ध्यावरून चांगला चौपदरी रस्ता. सत्तरच्या वेगानं दीडशे सीसीचं इंजिन निवांत चालतं. त्याच वेगाला 125 ला थोडं जास्त राबावं लागतं. समृद्धी महामार्गावर जायचा विचार असेल तर सोडा, तिथे दुचाकीला बंदी आहे. टाकी पाच-सहा लिटरचीच असते, म्हणून चिखलदऱ्याला जाताना परतवाड्यात ती भरूनच घाट चढा.

घाट उतरताना जास्त जपा. पुढचं पूर्ण लक्षात ठेवा, कारण बाईकवरून स्कूटरवर आलेला माणूस इथेच फसतो. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते, इंजिनचा रोध मिळत नाही. अगदी किंचित अॅक्सिलरेटर दिला की क्लच पुन्हा धरतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दोन्ही मिळून दाबा आणि सोडा, म्हणजे ते तापणार नाहीत. मागे कुणी बसलं असेल तर वळणाच्या बरंच आधीपासून वेग कमी करत या.